फक्कीने आखलेला रस्ता

मी नगरपालिकेची सदस्य झाले ती शिवणवर्गामुळे. आमच्या बाजाररस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक घरातली एखादी मुलगी किंवा सून माझ्याकडे ब्लाऊज आणि झबली शिकून गेली होती. सत्तरचं दशक संपत आलं होतं. बायकांसाठी राखलेल्या जागेवर कोणाला उभं करायचं याचा खल पुरुषमंडळी चौकातल्या पानठेल्यावर करत होती, तोवर माझ्या विद्यार्थिनींनी आपापल्या घरी माझं नाव बोलून टाकलं होतं. निवडून आल्यावर पहिल्या सभेला गेले तेव्हा एकजण मला म्हणाला, "बाई, तुम्ही फक्त सही करत जा." मी म्हटलं, "सही तर करीनच. वाचूनही पाहीन."

माझं माहेर अड्याळकडचं, धानाच्या शेतीचं. सासर भंडारा जिल्ह्यातल्याच या लहानशा शहरात, बाजाररस्त्याच्या मध्यावर. हे जवाहरनगरच्या फॅक्टरीत नोकरीला होते. सकाळी फॅक्टरीची बस चौकात यायची आणि पावसाळ्यात घरापासून चौकापर्यंत ह्यांना चिखलातून पँट दुमडून, बूट हातात धरून जावं लागायचं. रस्ता चौकातून निघून भाजीबाजारापर्यंत, म्हणजे गुजरीपर्यंत, जात होता. दोन्ही बाजूंना उघड्या नाल्या. त्या नाल्यांवर प्रत्येक घराने आपापला दगडी ओटा बांधलेला, आणि प्रत्येक पिढीने तो थोडाथोडा पुढे सरकवलेला. मधे जी पट्टी उरली होती तिच्यातून बैलबंड्या, सायकलरिक्षा, गाई, पाण्याचे गुंड डोक्यावर घेतलेल्या बायका आणि शाळेची पोरं, सगळे एकमेकांना चुकवत चालायचे. एका वळणावर मोठा कडुलिंब होता. त्याच्या अलीकडे ढिवरांच्या बायका मासोळीच्या टोपल्या घेऊन बसायच्या, आणि कापडदुकानदार रोज सकाळी त्यांच्याशी वासावरून भांडायचे.

त्या वर्षी हा रस्ता नवा करायला मंजुरी आली. आमचा ओव्हरसियर अमरावतीकडचा तरुण मुलगा होता, हुशार आणि मेहनती. त्याने नकाशा काढला तो खरंच देखणा होता. रस्ता सरळ, रुंद, सिमेंटचा. कडुलिंब काढायचा. मासोळीवाल्यांना गावाबाहेर तळ्याच्या काठी जागा द्यायची. आमचे नगराध्यक्ष वकील होते, बोलायला मोठे गोड. त्यांनी नकाशा टेबलावर पसरला आणि विचारलं, "मंजूर?"

मी उभी राहिले. "साहेब, मासोळीवाल्या तळ्यावर जायला तयार आहेत का?"

"जातील न."

"त्यांना कोणी विचारलं?"

मागून एकजण हसला. "रस्ता करायले आता लोकायले विचारा लागते का बाई?"

"ज्याच्या दारातून जाते, त्याले विचारा लागते," मी म्हटलं.

सभेत थोडा गोंधळ झाला. नगराध्यक्षांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "मग तुम्हीच विचारून या. तसेही धान कापून होईपर्यंत मजूर मिळत नाहीत. तोवर तुमच्याकडे वेळ आहे."

बहुतेक त्यांना वाटलं, बाई चार घरं फिरेल आणि थकेल. मला तसं अजिबात वाटत नव्हतं. लोकांकडून माप घ्यायचं काम मी आयुष्यभर करत आले होते.

पण हे माप घेणं वेगळं होतं, हे पहिल्याच आठवड्यात समजलं. मी घरोघरी गेले. प्रत्येक घरात चहा मिळाला आणि प्रत्येकजण म्हणाला, "रस्ता चांगला झाला पाहिजे बाप्पा." चांगला म्हणजे कसा, विचारलं की म्हणायचे, "म्हणजे चांगला." मग ओव्हरसियरने नकाशा शाळेच्या व्हरांड्यात टांगला. लोक आले. नकाशातल्या चौकोनांवर बोट फिरवून प्रत्येकाने फक्त आपलं घर शोधलं. घरावरून लाल रेघ गेलेली दिसली की त्याचा चेहरा उतरायचा आणि तो बाकी काही न पाहता निघून जायचा. त्यानंतर देवळाच्या सभामंडपात बैठक घेतली. तिथे डाव्या बाजूचे म्हणाले उजवीकडून तोडा, उजव्या बाजूचे म्हणाले डावीकडून. बायका खांबांमागे उभ्या होत्या, त्यातली एकही बोलली नाही. शेवटी दोघांची कॉलर धराधरी झाली आणि पुजाऱ्याने घंटा वाजवून सगळ्यांना बाहेर काढलं.

बाहेर पायऱ्यांवर ओव्हरसियर नकाशाची गुंडाळी मांडीवर घेऊन बसला होता. "बाई, असं नाही जमणार," तो म्हणाला. "लोकांना नकाशा समजत नाही."

"मलाही पहिल्यांदा समजला नव्हता," मी म्हटलं. "माझ्या वर्गात नवीन मुलगी आली की मी तिला सरळ कापड कापू देत नाही. आधी जुन्या पेपरावर कापायला लावते आणि तो कागद तिच्या अंगाला लावून पाहते. कुठे ओढते, कुठे झोळ पडते ते लगेच दिसतं. तुमचा हा नकाशा आपण रस्त्यावरच काढू. जेवढा आहे तेवढा. मग लोक त्याच्यावर चालतील."

त्याने विचारलं, "कशाने काढायचा?"

"शाळेच्या मैदानावर धावपट्टी कशाने आखता? फक्कीने."

मला त्या पोराचं नेहमी कौतुक वाटत आलं आहे. दुसरा कोणी आपल्या नकाशाचा अपमान झाला म्हणून फुगून बसला असता. हा दुसऱ्या दिवशी टेप, सुतळी, खुंट्या आणि चुन्याच्या फक्कीची गोणी रिक्षात घालून हजर झाला.

बाजार बंद असण्याच्या दिवशी सकाळी आम्ही आखायला सुरुवात केली. माझ्या वर्गातल्या मुली सुतळी धरत होत्या, तो माप सांगत होता आणि मी फक्की टाकत होते. रस्त्याची कड पांढऱ्या रेघेने, नाली दोन रेघांनी, जिथे नवा चबुतरा किंवा पायरी येणार तिथे विटा मांडलेल्या. घरटी एक एक माणूस बाहेर येऊन उभा राहू लागला. थोड्या वेळाने बायकाही आल्या. देवळात न बोललेल्या बायका इथे रेघेच्या आत-बाहेर पाय टाकत मोठ्याने बोलायला लागल्या. एक म्हणाली, "म्हणजे माझ्या दारापुढं नालीवर झाकण राहीन? मंग पोट्टं पडाची भीती नाई." दुसरीने गुंड डोक्यावर घेऊन चालून दाखवलं आणि समोरून सायकल आली तर ती कुठे सरकणार ते विचारलं. ओव्हरसियरने तिथेच कागदावर टिपून घेतलं. चालणाऱ्यांसाठी कडेला उंच पट्टी हवी, हे त्या एका सकाळी ठरलं.

नंतर तणसाने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने, भरलेली एक बंडी आली. गावात गाई पाळणाऱ्यांना ती तणीस नेहमी येत असे. बंडीवाल्याला आम्ही रेघांच्या आतून चालवायला सांगितलं. तणीस दोन्हीकडे एवढी पसरलेली की ती कापडदुकानाच्या पाटीला घासत गेली आणि पाटी खाली आली. दुकानदार ओरडत बाहेर आला. सगळे हसले. पण तोही नंतर वाकून रेघेकडे पाहत होता.

रेघ शेठजींच्या दारापाशी आली आणि हसणं थांबलं. शेठजी भांड्यांचे व्यापारी. पितळेचे गुंड आणि गंज त्यांच्या ओट्यावर उतरंडीने मांडलेले असायचे आणि रस्त्यावरचा सगळ्यात पुढे आलेला ओटा त्यांचाच होता. माझी रेघ त्यांच्या ओट्याच्या बरोबर मधून गेली. मी वर चढून ओट्याच्या फरशीवर फक्की टाकली.

शेठजी खुर्चीतून उठले. "ये बाई, ही रेघ कायले मारून राहिली माझ्या ओट्यावर?"

"शेठजी, रस्ता जिथं सुरू होते तिथंच रेघ मारली. ओटा येऊन बसला रेघेवर."

त्यांनी जोडा पुढे केला आणि रेघ पुसून टाकली. सगळा रस्ता पाहत होता. मी मुठीत फक्की घेतली आणि तीच रेघ पुन्हा ओढली. त्यांनी पुन्हा पुसली. मी पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा त्यांनी पाय उचलला नाही. म्हणाले, "बहुत हिंमत हाये न? मंग पहिले तुमच्या मामाजीचा ओटा तोडा. त्याच्यानंतर माझ्याकडं या."

"ठीक आहे," मी म्हटलं. "आधी आमचाच."

लोकांसमोर बोलून तर बसले. आता घरी जाऊन सासऱ्यांना सांगायचं होतं.

मामाजी तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचा दिवस ओट्यावर सुरू व्हायचा आणि ओट्यावर संपायचा. सकाळी पेपर, दुपारी डुलकी, संध्याकाळी शेजारचे एक म्हातारे मित्र येऊन बसायचे आणि दोघे मिळून येणाऱ्या-जाणाऱ्याची हजेरी घ्यायचे. मी गेले तेव्हा ते अडकित्त्याने सुपारी कातरत होते.

"मामाजी, ओटा अर्धा काढावा लागते."

"कोणाचा?"

"आपला."

अडकित्ता थांबला. "काहून?"

मी समजावून सांगितलं. नाली, झाकण, कडेची पट्टी, सगळं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अन् मी बसू कुठं?"

"घरात बसा न."

"घरात मी जेवतो अन् झोपतो, सुनबाई. बसतो मी इथं."

हे रात्री जेवताना म्हणाले, "बाबांना मी सांगतो." मी म्हटलं, "नको. मामाजी बरोबर बोलले आहेत." मासोळीवाल्यांना विचारलं का, असं मीच भर सभेत विचारलं होतं. म्हाताऱ्या माणसांनाही कोणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

सकाळी मी फक्कीचं घमेलं त्यांच्यापुढे ठेवलं. "चला मामाजी. कुठे बसायचं ते तुम्ही दाखवा. तिथे मी आखते."

आधी त्यांना ती थट्टा वाटली. मग काठी घेऊन निघाले. मित्रालाही हाक मारली. दोघे रस्त्याने हळूहळू चालत, थांबत, मागे वळून पाहत गेले आणि वळणावरच्या कडुलिंबाखाली उभे राहिले. "इथं," मामाजी म्हणाले. "पण पाठ टेकाले काही तरी पाहिजे. अन् रस्ता दोन्हीकडून दिसला पाहिजे, गुजरीपर्यंत. नाहीतर बसून फायदा काय?"

"इथला लिंब तर काढणार आहेत," मित्र म्हणाले.

तेवढ्यात ओव्हरसियर सायकलवरून आला. त्याने सायकल लावली, झाडाभोवती फेरी मारली, माप घेतलं आणि माझ्या हातून फक्की घेऊन खोडाभोवती स्वतः गोल काढला. "इथे रस्ता थोडा वळवला तर झाड राहते," तो म्हणाला. "पार बांधून देऊ. टेकायला मधे भिंत उचलू." मामाजींनी त्या गोलाच्या आत उभं राहून दोन्ही दिशांना पाहिलं आणि म्हणाले, "अजून थोडा मोठा काढ. आम्ही दोघंच थोडी बसणार हाओ." खरंच, दुपारपर्यंत आणखी काही म्हातारे येऊन आपापली जागा धरून गेले होते. कोणाला सकाळचं ऊन हवं होतं, कोणाला संध्याकाळची सावली.

एवढं झाल्यावर मामाजी आमचा ओटा तोडायला तयार झाले. खूश होऊन नव्हे. "बदल्यात देऊन राहिलो," असं त्यांनी मला बजावून सांगितलं.

मासोळीवाल्यांचा प्रश्न मात्र फक्कीने सुटणारा नव्हता. त्यांच्यात एक आजी होती. ती बोलली की बाकीच्या ऐकायच्या. मी तिच्या टोपलीसमोर बसले आणि तळ्याकाठच्या जागेबद्दल विचारलं.

"मासोळी त आमी तळ्यातूनच आणतो बाई," ती म्हणाली. "तितंच बसून इकाची असती, तं एवढं ओझं डोक्यावर घेऊन इथवर कायले आलो असतो?"

"दुकानदार म्हणतात वास येते, पाणी सांडते."

"मासोळीचा वास नाई येणार तं का अत्तराचा येईन?"

मी हसले, तीही हसली. मग मी म्हटलं, "आजी, करून पाहू. एक आठवडा तळ्यावर बसा. मग एक आठवडा मी सांगते तिथं बसा. कुठं जमते ते तुम्हीच सांगा. सभेत मी तुमचंच म्हणणं मांडीन."

"अन् आमाले दोनीकडं नाई जमलं तं?"

"तर आहे तिथंच बसा. मी बाजूला बसून भांडीन."

तिने बाकीच्यांकडे पाहिलं. "पाहू न बाप्पा. एवढी म्हणून राहिली तं."

तळ्याचा आठवडा लवकरच संपला. तीन-चार दिवसांत त्या परत आल्या. तिथे बगळ्यांशिवाय कोणी गिऱ्हाईक नव्हतं. मग आम्ही त्यांना गुजरीच्या तोंडाशी, सार्वजनिक विहिरीजवळ बसवलं. भाजी घ्यायला येणाऱ्याला ती वाट टाळता येत नव्हती आणि कापडदुकानं तिथून दूर होती. ओव्हरसियरने उताराने फरश्या मांडल्या, बादलीभर पाणी ओतून पाहिलं, आणि पाणी नालीत जायचं ते सरळ समोरच्या सायकलदुकानात शिरलं. दुकानदार शिव्या द्यायला लागला. ओव्हरसियरने स्वतःच हसून कान पकडले, फरश्या उचलल्या, पुन्हा बसवल्या. दुसऱ्या वेळी पाणी नालीत गेलं. आठवडा संपल्यावर आजी माझ्या दारात आली. "इथं जमते," म्हणाली. "पण नळ पाहिजे. अन् डोक्यावर पत्रे. उन्हात मासोळी अन् आमी, दोनी सुकतो." दोन्ही गोष्टी मी लिहून घेतल्या.

आता उरले शेठजी. आमचा ओटा तोडायची तयारी झाली हे त्यांच्या कानावर गेलं होतं, पण त्यांची खुर्ची जिथे होती तिथेच होती. त्यांच्या दारापुढची रेघ मी रोज सकाळी नव्याने ओढायची आणि संध्याकाळपर्यंत ती कोणाच्या ना कोणाच्या पायाने पुसली जायची.

एके दुपारी शिवणवर्गाच्या दाराशी शेठजींची बायको उभी दिसली. मला आश्चर्य वाटलं, कारण त्या देवळाशिवाय कुठे जात नसत. मुलींना त्यांनी डोळ्यांनीच आत पाठवलं आणि माझ्याजवळ बसल्या.

"बाई, आमच्या ओट्याखालची नाली बुजली," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पावसाळा आला की सगळं पाणी माझ्या सैपाकघरात येते. मोरीतून वर येते. मी किती वर्सांपासून सांगून राहिली, पण त्यायचं म्हणणं, मोरीच खराब हाये."

"तुम्ही पुन्हा सांगून पाहा."

"सांगून झालं. आता दाखवा."

आम्ही दाखवलं. दुसऱ्या दिवशी शेठजी दुकानातून आत घरी जेवायला गेले तेव्हा ओव्हरसियर आणि मी वरच्या बाजूला नालीपाशी उभे राहिलो. गेरूचं लाल पाणी बादल्यांनी नालीत ओतलं. रस्त्यावर कोणाला काही सांगितलं नव्हतं. हा त्यांच्या घरातला मामला होता आणि तो चौकात आणायचा नव्हता. थोड्या वेळाने आतून बाईंनी आम्हाला बोलावलं. शेठजी जेवणाच्या पाटावरून उठून मोरीपाशी उभे होते, हात उष्टा, आणि मोरीच्या भोकातून लाल पाणी हळूहळू वर येत होतं.

"हे केव्हापासून असं होऊन राहिलं?" त्यांनी विचारलं.

"लगन होऊन आली तवापासून," बाई म्हणाल्या.

शेठजींनी वाकून मोरीच्या भोकात पाहिलं. मग मला म्हणाले, "ओटा अर्धा काढला तं नाली उघडीन?"

"उघडेल. साफ होईल आणि वर झाकणही पडेल."

"माप एकच पाहिजे. तुमच्या घरी जो टेप, तोच माझ्या घरी. अन् माझा ट्रक येते सकाळी माल घेऊन, त्याले थांबाले जागा पाहिजे."

"दुकानं उघडायच्या आधी ट्रक येऊ द्या. तेव्हा जागाच जागा असते."

ते हात धुवायला गेले. त्यांनी होकार दिला असं तोंडाने कधी म्हटलं नाही. पण त्या दिवसानंतर त्यांच्या ओट्यावरची रेघ कोणी पुसली नाही.

पुढच्या सभेत ओव्हरसियरने नवा नकाशा मांडला. आधीच्या नकाशापेक्षा रस्ता थोडा अरुंद होता, कडुलिंबापाशी वाकलेला होता, कडेला चालायची पट्टी होती, विहिरीजवळ मासोळीबाजाराचे पत्रे आणि नळ होता. या वेळी बाहेरच्या व्हरांड्यात माणसं उभी होती. बायकाही होत्या, आणि मासोळीवाली आजी खिडकीच्या गजांना धरून आत पाहत होती. मागच्या सभेत हसलेला तो सदस्य उठला. "हा रस्ता आहे का लुगड्याची किनार? एवढी वळणं?" त्यांना उत्तर द्यायला मी उभी राहणार, तोच व्हरांड्यातून कोणीतरी ओरडलं, "आमी चालून पाहिला साहेब, बरोबर हाये!" नगराध्यक्षांनी बाहेरच्यांना शांत राहायला सांगितलं, पण ते स्वतः हसत होते. मतदान झालं. काहीजण विरोधात गेले. ठराव मंजूर झाला.

धान घरात आलं, मजूर मोकळे झाले आणि काम सुरू झालं. पहिली कुदळ आमच्या ओट्यावर पडली. मामाजी समोरच्या घरी खुर्ची टाकून बसले होते आणि मजुरांना कुठला दगड आधी काढायचा ते सांगत होते. ज्या फरशीवर ते रोज बसत ती निघाली तेव्हा ते उठून जवळ आले आणि म्हणाले, "ही फोडू नका. तिकडं पारात बसवा." ती फरशी तिथे बसवली. त्या दुपारी शेठजींच्या दुकानातून माणूस आला, आमच्या उरलेल्या ओट्याचं माप घेऊन गेला, आणि दुसऱ्या सकाळी त्यांच्या ओट्यावर कुदळ पडली. मग बाकीच्यांना कारण उरलं नाही.

सगळंच मनासारखं झालं असं नाही. कडेला लावलेली झाडं पहिल्या वर्षी बकऱ्यांनी खाल्ली. दुसऱ्यांदा बांबूचे कठडे केले तेव्हा त्यातली काही जगली. कापडदुकानदाराने दोन वर्षांनी पट्टीवर लाकडी फळी टाकून आपला ओटा परत आणायचा प्रयत्न केला. मी जाऊन फळी उचलायला लावली, त्याने दुसरी टाकली, असं आमचं बरेच दिवस चाललं. मामाजी जाईपर्यंत रोज पारावर बसले आणि रोज तक्रार करत राहिले की टेकायची भिंत पाठीला लागते. पण पावसाळ्यात हे बूट घालून चौकापर्यंत जायला लागले. शेठजींच्या घरून दर दिवाळीला एक ताट फराळ यायला लागलं, आणि ते घेऊन बाई स्वतः यायच्या.

नगराध्यक्षांनी एकदा मला विचारलं, "तुम्हाला तेव्हा खात्री होती का, की हे जमेल?" मी म्हटलं, "हो." त्यांना खरं वाटलं नसावं. पण होती. लोकांना आपल्या दारापुढचं काय हवं आणि काय नको ते चांगलं माहीत असतं. त्यांना ते बोलता येईल अशी जागा करून द्यावी लागते, एवढंच. मी ते शिकले शिवणवर्गात, कारण गिऱ्हाईक कधीच म्हणत नाही की गळा एवढा खोल हवा. आरशासमोर उभं केलं की बोट ठेवून दाखवतं.

काही वर्षांनी, ऐंशीच्या दशकाच्या मध्याला, लाखनीची काही मंडळी माझ्याकडे आली. त्यांच्या गावातून मोठा रस्ता जातो, ट्रक दिवसभर दुकानांना घासून जातात, आणि त्यांना आपल्या बाजाराची जागा नीट करायची होती. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की या बाई फक्कीने रस्ता काढतात. ओव्हरसियरची बदली झाली होती तरी तो सुट्टी काढून आला. आम्ही एसटीने गेलो. बसस्टँडवर ते लोक हार घेऊन उभे होते. हार मी हातात घेतला आणि विचारलं, "बायका कुठे आहेत?"

ते एकमेकांकडे पाहू लागले. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "घरी हायेत."

"मग आधी तिकडेच जाऊ," मी म्हटलं, आणि आम्ही ट्रकांमधून वाट काढत गावाकडे चालायला लागलो.